अप्पा वकील गेले. ज्यांनी त्यांच्यासोबत डोंगर पाहिले त्यांनी इथे लिहा

पांझराकाठ:
नमस्कार मंडळी. बऱ्याच जणांना कळलंच असेल, आपले अप्पा वकील गेले. वय झालं होतं, गुडघ्यांनी साथ सोडली होती, शेवटचं वर्षभर घरातच होते पण डोकं अगदी लख्ख. घरच्यांचं म्हणणं आहे की पेपरात फोटो, शोकसभा, फ्लेक्स असलं काही करू नका, अप्पांना ते कधीच आवडलं नाही. म्हणून नावगाव न टाकता धागा काढतोय. धुळे कोर्टात, शिरपूर-साक्री साईडला, नाहीतर सातपुड्यात कुठे ज्यांची गाठ पडली असेल ते बरोबर ओळखतील.

मी त्यांच्याकडे ज्युनिअर होतो. त्यांचं काम सगळं दिवाणीचं, बांधाचे दावे, शेतरस्ते, वहिवाट, वाटणी. लोक म्हणायचे वकील चांगला पण डोंगराचं वेड फार. मला सुरुवातीला तसंच वाटायचं, पण त्यांच्यासोबत राहून जे दिसलं ते वेगळंच होतं, त्यांचं फिरणं आणि त्यांची वकिली या दोन गोष्टी नव्हत्याच. पक्षकार फाईल घेऊन आला की फाईल बाजूला ठेवायचे आणि अहिराणीत म्हणायचे, "पहिले वावर दखाड, मंग कागद." आणि खरंच जायचे, एसटीने, जीपने, शेवटचा रस्ता पायी. काळा कोट घडी करून कापडी पिशवीत, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला बाटली.

बांधावर गेल्यावर पहिल्यांदा ते बोलायचेच नाहीत. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचे आणि काय काय उगवलंय ते बघायचे. जुना बांध असेल तर त्यावर बोर असते, हिवर असतो, एखादा निंब, एखादं वारूळ, दगडांवर दगडफुलाचे करडे-पांढरे डाग आलेले असतात. बांध सरकवलेला असला तर जेसीबीची भुसभुशीत माती आणि वर नुसतं गाजरगवत. मग माझ्याकडे वळून विचारायचे, बोल, यातलं कोण खोटं बोलतंय? त्यानंतर कागद. कोर्ट कमिशनर नेमायचा अर्ज, भूमी अभिलेखकडून मोजणी, सगळं रीतसर, पण उलटतपासणीत जे प्रश्न यायचे ते त्या बांधावरून आलेले असायचे. "निंबाचं झाड तुमच्या बांधावर कधीपासून आहे" इथून सुरू करायचे आणि साक्षीदार गोंधळायचा कारण त्याने त्या झाडाकडे कधी बघितलेलंच नसायचं.

अजून खूप आहे, सवडीने लिहितो. तुम्हीही लिहा.

गिरणामाई:
वाचून डोळे भरून आले. मी तालुका कोर्टात प्रॅक्टिस करते, अप्पांची ज्युनिअर कधीच नव्हते, पण एका शेतरस्त्याच्या केसमध्ये त्यांनी मला मदत केली होती, तीही एक रुपया न घेता.

एका विधवा बाईच्या शेतात जायचा रस्ता शेजाऱ्याने काट्या टाकून बंद केलेला. मामलेदार कोर्ट अ‍ॅक्ट 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दावा, तोही अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत लावावा लागतो आणि आमचे त्यातले बरेच दिवस आधीच गेलेले. समोरचा म्हणत होता इथे रस्ता कधी नव्हताच, नकाशात दाखवा. नकाशात खरंच नव्हता. मी अप्पांना फोन केला तर ते म्हणाले मी उद्या येतो, आणि आले, मे महिन्याच्या उन्हात. तासभर त्या वावरात इकडेतिकडे फिरले आणि मग नाल्याजवळ मुरमाड खडक उघडा पडलेला होता तिथे उकिडवे बसले. खडकात दोन घळी होत्या, बोटभर खोल, मी त्याच जागेवरून दोनदा गेले होते पण मला त्या दिसल्या नव्हत्या. बैलगाडीच्या लोखंडी धावांनी पडलेल्या चाकोऱ्या.

तहसीलदार स्थळपाहणीला आले तेव्हा अप्पांनी कुणाशी वाद घातला नाही. खांद्यावरच्या बाटलीतलं पाणी एका चाकोरीत ओतलं, मग दुसऱ्या. दोन्ही ओळी ओल्या होऊन एकमेकींना धरून खडकावरून सरळ पलीकडे गेलेल्या दिसल्या. रबरी टायरच्या गाड्या येऊन किती वर्षं झाली, म्हणजे रस्ता त्याच्याही आधीचा. पंचनाम्यात चाकोऱ्या आल्या आणि रस्ता मोकळा झाला. आज त्या बाईचा मुलगा त्याच रस्त्याने कापूस आणतो.

आणि बाटलीतलं सगळं पाणी तिथे ओतल्यावर स्वतः परत गावापर्यंत तसेच चालत आले, काही बोलले नाहीत.

शहादेकर:
अप्पांना मी कोर्टात कधी पाहिलं नाही. आमची ओळख पिंगळ्यामुळे. आमच्या शहादा-तळोद्याच्या जंगलातला रानपिंगळा, म्हणजे एक छोटं घुबड, ज्याला सगळ्या जगाने संपला म्हणून सोडून दिलं होतं. 1873 साली ह्यूम नावाच्या पक्षीतज्ज्ञाने त्याचं वर्णन केलं, आपल्या खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन नावाच्या सनदी अधिकाऱ्याने 1880 च्या दशकात इथूनच नमुने गोळा केले, 1884 नंतर कुणाला खात्रीने दिसला नाही. मग नोव्हेंबर 1997 मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना शहाद्याजवळ पायथ्याच्या जंगलात सकाळच्या उन्हात बसलेला सापडला. 113 वर्षांनी!

आता ही गोष्ट पक्षीवाले सगळे सांगतात. पण अप्पा सांगायचे ती ऐकायला पाहिजे होती, कारण ते ती बनावट पुराव्याची केस म्हणून सांगायचे. मधल्या काळात माइनर्ट्झहागन नावाच्या इंग्रज कर्नलने दावा केला होता की 1914 मध्ये गुजरातेत मांडवीला मी हा पक्षी मिळवला, आणि त्याच्याकडे पक्षी होता, चिठ्ठी लावलेला. लोक त्याच्या नादाने भलतीकडे शोधत राहिले. पुढे रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना नीट तपासला तर तो डेव्हिडसनने जमवलेलाच पक्षी निघाला, ब्रिटिश म्युझियममधून चोरलेला, शिवण उसवून पुन्हा भरलेला, चिठ्ठी बदललेली. अप्पा टेबलावर हात ठेवून म्हणायचे, बघ, कागद खोटा बोलला पण कातडं आणि टाके खरं बोलले. आणि खोटी साक्ष एकदा बाजूला केल्यावर ते लोक डेव्हिडसनच्या खऱ्या नोंदींवरून आले, तर आपल्या शहाद्यातच पक्षी जागेवर होता, कुठे गेलाच नव्हता.

आम्ही तोरणमाळच्या पायथ्याला सोबत जायचो. हा पिंगळा दिवसा फिरतो, शेंड्यावर उघडा बसतो, त्यामुळे पहाटेची फार घाई नसते. अप्पांना पहिल्यांदा दिसला तेव्हा त्यांनी दुर्बीण मला दिली आणि स्वतः नुसत्या डोळ्यांनी बघत बसले, म्हणाले तू बघ, मला आता पक्षी कुठे आहे ते माहिती आहे.

केळीवाला_रावेर:
भावपूर्ण श्रद्धांजली. पाल गावी बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या प्राण्यांच्या गणनेला दरवर्षी असायचे, कोर्टाला मे मध्ये सुट्टी असते म्हणून सुट्टी लागली की यावल अभयारण्यात हजर. मचाणावर रात्रभर, वय साठीच्या पुढे. सोबतच्या पोरांना झोप लागायची, त्यांना नाही. सायाळ आली तरी वाघ आल्यासारखी नीट लिहून ठेवायचे, वेळ, दिशा, किती वेळ पाणी प्यायली.

धडगावचा_मास्तर:
मी सातपुड्यात, अक्राणीत शिक्षक आहे, गेली बरीच वर्षं इथेच. अप्पा वनहक्क कायद्याच्या कामासाठी यायचे ते लिहायला पाहिजे, शहरातल्या लोकांना ते माहिती नाही.

2006 चा कायदा आला तेव्हा सगळ्यात मोठी अडचण पुराव्याची होती. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन कसत होता हे दाखवायचं आणि आमच्या पाड्यांवर कागद कुणाकडे असणार? सातबारा नाही, कधी काही मिळालंच नाही. अप्पा ग्रामसभेत येऊन बसले आणि नियम वाचून समजावून सांगितले की एकाहून जास्त पुरावे लागतात, पण ते सगळे सरकारी कागदच असायला पाहिजेत असं नाही. जुनी विहीर चालते, घातलेले बांध, सपाट केलेली जमीन, पूर्वजांच्या दफनाची जागा, आणि दावेदार सोडून इतर म्हाताऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाबसुद्धा चालतो. मग ते वनहक्क समितीच्या पोरांना घेऊन प्लॉट टू प्लॉट फिरले. चढ असा की आमचीच दमछाक व्हायची.

एक गोष्ट डोळ्यांसमोर आहे. एका पावरा आदिवासी म्हाताऱ्याने छपराच्या वाशातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. त्याच्या बापाने जंगलात नांगर घातला म्हणून दंड भरला होता त्याची पावती. म्हाताऱ्याला वाटत होतं हा कागद दाखवला तर आपणच अडकू, म्हणून इतकी वर्षं लपवून ठेवलेला. अप्पांनी ती पावती दोन्ही हातांत धरली, वाचली, आणि त्याला सांगितलं की बाबा, सरकारने स्वतःच लिहून दिलंय की तुझा बाप तेव्हा इथे नांगरत होता, याहून मोठा पुरावा नाही. तो माणूस खाली बसून रडला. दावा ग्रामसभेतून उपविभागीय समितीकडे, तिथून जिल्हा समितीकडे गेला, वेळ लागला, मंजूर झाला.

आमच्या पाड्यावर त्यांना नावाने कुणी हाक मारत नव्हतं. पायी येणारा वकील, एवढीच ओळख.

वनवाट:
मी अप्पांचा खूप आदर करतो, पण एक विषय मनात आहे तो लिहितो, त्यांच्याशीही बोललो होतो त्यामुळे पाठीमागे बोलतोय असं नाही. मी जंगल राखायच्या बाजूचा माणूस. यावलमध्ये माझ्या डोळ्यांदेखत सागाची जंगलं गेली आहेत, दाव्यांच्या नावाखाली नवीन झाडतोड झाली आहे. जंगलावर इतकं प्रेम करणारा माणूस अतिक्रमणाच्या दाव्यांना मदत कशी करतो हा प्रश्न मला तेव्हाही होता आणि आजही आहे.

धडगावचा_मास्तर:
@वनवाट, प्रश्न रास्त आहे, पण सरसकट "अतिक्रमण" म्हणू नका, लोकांच्या पिढ्या तिथे गेल्यात. जंगल राखायचा आणि सांभाळायचा सामूहिक हक्कही त्याच कायद्यात आहे, गावाने मनावर घेतलं तर तेच जंगल वाचवतं.

पांझराकाठ:
@वनवाट, हे तुम्ही लिहिलं ते बरं केलं. मी याच कामात त्यांच्यासोबत होतो म्हणून सांगतो. ते कुणाच्याही बाजूने आधीच नसायचे. एका ठिकाणी गेलो, दावा कागदावर एकदम व्यवस्थित, जबाब वगैरे सगळं. अप्पा प्लॉटवर फिरता फिरता एका सागाच्या खुंटाशी थांबले. खुंट ताजा, कडेने नवे फुटवे नुकतेच आलेले. अजून चार-पाच तसेच. तिथल्या तिथे म्हणाले मी हे करणार नाही. गावातला वजनदार माणूस होता, चिडला, पुढे त्याने अप्पांकडची दोन-तीन कामं दुसऱ्या वकिलाकडे वळवली. अप्पांनी तो विषय पुन्हा काढला नाही. ज्याचा बांध जुना त्याच्यासाठी ते हायकोर्टापर्यंत कागद पोहोचवायचे, ज्याचा खुंट ताजा त्याला परत पाठवायचे. तुमचं आणि त्यांचं भांडण होतं असं मला वाटत नाही.

वनवाट:
खुंटाचं माहिती नव्हतं. त्यांनी मला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आमचा अर्धा वाद तिथेच मिटला असता. मास्तर, सामूहिक हक्काचं तुमचं म्हणणंही मान्य. धन्यवाद.

साक्रीवाला:
अप्पांना पांझरेवरची फडपद्धत फार प्रिय होती, कुणी बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला किल्ल्याआधी फड दाखवायला आणायचे. तीन-चारशे वर्षांची व्यवस्था आहे ही, नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले. एका फडात त्या वर्षी सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पुढच्या वर्षी फेरपालट. पाणी शेतकरी स्वतः सोडून घेत नाही, पाटकरी देतो, आणि पाट साफ करायला सगळ्यांनी यायचं. आता वरती धरणं झाली, विहिरी-मोटारी झाल्या, बरेच फड मोडले, जिथे आहेत तिथेही पूर्वीसारखं नाही. अप्पा पाटाच्या कडेने चालत जायचे आणि सांगायचे की वकिलाशिवाय चाललेला कायदा बघायचा असेल तर इथे या. पाण्याचे इतके दावे लढलेला माणूस हे मनापासून म्हणायचा. आमच्या गावच्या जुन्या पाटकऱ्याकडे तासन् तास बसायचे, कुठल्या दुष्काळात पाणी कसं वाटलं ते विचारत. तो पाटकरीही गेला, आता अप्पाही गेले, ते कुणी लिहून ठेवलं असेल तर बरं होईल.

लळिंगचा_वारा:
धुळ्याजवळच्या लळिंगच्या डोंगराबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून! 31 जुलै 1937 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर धुळे कोर्टात केसच्या कामासाठी आले होते आणि लळिंगच्या जंगलातल्या लांडोर बंगल्यात मुक्काम केला होता. दरवर्षी 31 जुलैला तिथे भीमस्मृती यात्रा भरते, हजारो लोक येतात. अप्पा दरवर्षी जायचे, कोर्ट असलं तर सकाळी लवकर जाऊन वेळेवर परत. ज्युनिअर वकिलांना आग्रहाने न्यायचे. पावसाळ्यातला डोंगर, हिरवंगार कुरण, मोर ओरडताहेत, आणि हे पोरांना सांगताहेत की इतका मोठा बॅरिस्टर आपल्या धुळ्याच्या कोर्टात उभा राहायला आला होता, तेव्हा तालुक्याचं कोर्ट म्हणून काम हलकं समजू नका. मी वकील नाही, माझं टायपिंगचं दुकान आहे कोर्टाबाहेर, मलाही न्यायचे. तिथल्या अंजनाची पानं त्यांनीच मला पहिल्यांदा दाखवली, एका देठाला दोन जोडपानं, फुलपाखरू बसल्यासारखी. बारमध्ये मोठ्यांची कमी नाही पण टायपिस्टला हातात पान देऊन झाड शिकवणारा वकील मी दुसरा पाहिला नाही.

जळगावची_लेक:
अप्पा माझ्या वडिलांचे मित्र. पाटणादेवीला आम्हाला सगळ्या पोरासोरांना न्यायचे, तिथे भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे तो दाखवायचे, मग धवलतीर्थाकडे चालत. मुलींना कधी म्हणाले नाहीत की तुम्ही थांबा, पोरं वर जाऊन येतील. त्या काळात आमच्या घरात हे नवीन होतं. काकू कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि भरीत बांधून द्यायच्या आणि स्वतःही यायच्या, हे कुणी लिहिलं नाही म्हणून मुद्दाम लिहिते. अप्पांच्या पक्ष्यांच्या नोंदी पुष्कळदा काकूंच्या अक्षरात आहेत. अप्पा दुर्बीण लावून सांगायचे आणि काकू लिहायच्या. बऱ्याचदा आधी पक्षी काकूंनाच दिसायचा.

गिरणामाई:
@जळगावची_लेक हे फार चांगलं लिहिलंस ताई. त्या डायऱ्या आता कुठे आहेत?

पांझराकाठ:
डायऱ्या घरीच आहेत, कपाटभर. काकूंशी आणि त्यांच्या मुलीशी काल बोललो. वकिलाची नेहमीची डायरी, वर तारखा, दावा नंबर, पुढची तारीख, स्टेज, आणि खाली जागा उरेल तिथे पक्षी, झाडं, पाऊस. एक पान वाचलं त्यात लिहिलंय, "पुकारा उशिरा. आवारातल्या पिंपळावर तांबट, सकाळपासून एकसारखा." सुट्टीतली पानं पूर्ण भरलेली आहेत. हतनूरची बदकं, अनेर धरण, तोरणमाळ, दिवाळीतली अस्तंब्याची यात्रा, सगळं आहे. पाटकरी आजोबांचं बोलणंही आहे @साक्रीवाला, दोन वह्या वेगळ्या केलेल्या सापडल्या.

शहादेकर:
पक्ष्यांच्या नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर टाकता येतील, तारीख, जागा आहेच. रानपिंगळ्याच्या जागा मात्र नेमक्या उघड करू नका, फोटोवाल्यांची गर्दी होते, घरट्याला त्रास होतो. अप्पाही जागा सांगायचे नाहीत. मी टाईप करायला बसतो.

लळिंगचा_वारा:
टायपिंग माझ्याकडे द्या. पैशाचा विषय काढू नका.

गिरणामाई:
एक अडचण लक्षात घ्या सगळ्यांनी. त्याच पानांवर पक्षकारांची नावं आणि कामं आहेत. पक्षकाराने वकिलाला विश्वासाने सांगितलेलं बाहेर जाता कामा नये, काम संपल्यावरही नाही, जुन्या पुरावा कायद्यात 126 कलम होतं, आता नव्या भारतीय साक्ष अधिनियमात 132 आहे. अप्पा याबाबतीत किती कडक होते ते मी बघितलंय. म्हणून डायऱ्या तशाच स्कॅन करून कुठेही टाकायच्या नाहीत. आधी कुणीतरी वकिलाने बसून निसर्गाचा मजकूर वेगळा उतरवायचा, मगच टायपिंग. मी आणि पांझराकाठ दोघं बसू शकतो, शनिवारी दुपारनंतर.

पांझराकाठ:
एकदम बरोबर, काकूंचीही हीच अट आहे. डायऱ्या घराबाहेर न्यायच्या नाहीत, तिथेच बसून उतरवायचं. साक्रीवाला, फडाच्या दोन वह्या तुम्ही आधी बघा, गावांची नावं आणि पाटांची नावं मला लागत नाहीत, तुम्हाला लागतील.

आणि या रविवारी लळिंगला जायचं ठरतंय. कार्यक्रम नाही, भाषण नाही, हार नाही, फक्त वर जाऊन यायचं. सकाळी सहाला पायथ्याच्या गावात जमा, ऊन चढायच्या आत खाली उतरायचं. प्रत्येकी दोन लिटर पाणी, टोपी, बूट, चप्पल घालून कुणी येऊ नका. काकूही पायथ्यापर्यंत येणार म्हणताहेत, त्यांच्यासाठी गाडीची सोय कोण करतंय? वनवाट, तुम्ही पण या.

वनवाट:
येतो. काकूंना मी घेऊन येतो, माझी गाडी धुळ्यातल्या देवपुरातूनच निघते.

जळगावची_लेक:
आम्ही जळगावहून चौघी. भाकरी-ठेचा आमच्याकडून, किती जण ते शनिवार सकाळपर्यंत इथेच लिहा म्हणजे पीठ त्या हिशोबाने भिजवू.

धडगावचा_मास्तर:
आमच्या पाड्यावरून सात जण, पावतीवाल्या बाबांचा नातूही आहे त्यात. रात्रीच्या एसटीने निघतो, पहाटे धुळे स्टँडवर.